कुडावरचा धूमकेतू

कुडाला कागद लावायची अक्कल आमशाची. रेवाबाईचा हा नवरा खांडबाऱ्याच्या स्टेशनाजवळ रुळांच्या कामावर मजुरीला जायचा. जुने स्टेशनमास्तर बदलून गेले, तेव्हा त्यांनी मागे टाकलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा तो डोक्यावर घेऊन आला आणि तांदळाच्या पेजेची खळ करून त्याने बांबूचा सगळा कूड आतून कागदांनी मढवला. हिवाळा होता. फटींतून येणारा वारा थांबला. आमशाला अक्षर कळत नव्हतं, म्हणून काही पानं उलटी लागली, काही खुराड्यामागे गेली. त्यानं कुणाचं काही अडलं नसतं.

पण रेवाबाईला वाचता येत होतं. विक्रम संवत छप्पनच्या दुष्काळात तिचे आईबाप गेले आणि मिशनच्या लोकांनी तिला शाळेत नेऊन वाढवलं. पाड्यात वाचणारी ती एकटी. वाचायचं मराठीत आणि सांगायचं आपल्या बोलीत, म्हणजे एका बातमीला दोनदा राबायचं.

पहिल्यांदा शेजारची कौसाबाई विस्तव मागायला आली आणि मोठ्या अक्षरांवर बोट ठेवून उभी राहिली.

"हे काय लिहिलंय?"

"मुंबईत गिरणी कामगारांचा संप. जुनं आहे."

"संप म्हणजे?"

"सगळ्यांनी मिळून काम सोडायचं आणि बसून राहायचं."

कौसाबाईनं ही गंमत घरी जाऊन सांगितली. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही सुना घागरी पालथ्या घालून अंगणात उन्हाला बसल्या. कौसाबाई तरातरा रेवाबाईकडे आली. "तू वाचलंस ना? मग आता पाणीही तूच भर." भांडायला अंगात जोर लागतो. रेवाबाईनं दोन घागरी उचलल्या आणि नदीची वाट धरली. तिच्या खळ्यावर भाताच्या पेंढ्या रचून पडल्या होत्या, हात अगोदरच भरून आले होते.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण ही गोष्ट पाड्याचा कारभारी नवलसिंग याच्या कानावर गेली आणि तो चार माणसं घेऊन कुडासमोर येऊन बसला. त्यानं सगळ्यांत जाड अक्षरांकडे काठी केली.

रेवाबाईनं वाचलं, "येत्या बुधवारी पृथ्वी धूमकेतूच्या शेपटातून जाणार. विषारी वायूची भीती."

मग तिनं तेच बोलीत सांगितलं.

"कारभारी, हा धूमकेतू येऊन गेला," रेवाबाई म्हणाली. "मी शाळेत होते तेव्हा. अंगणात उभं राहून आम्ही सगळ्या पोरींनी पाहिला. आता मला लेकरं झाली. काही झालं का पृथ्वीला?"

"कागदावर गेल्या बुधवारी लिहिलंय का?"

"नाही. येत्या बुधवारी."

"मग?"

"अहो, तो बुधवार जुना!"

"बुधवार कसा जुना होईल, रेवा? दर आठवड्याला येतो तो."

आमशा तिला हळूच म्हणाला, "अगं, तू खोटं बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे. पण ते छापलेलं आहे."

त्या दिवसापासून पाड्यातली खळी ओस पडली. जग बुडणारच, तर भात झोडायचं कुणासाठी? राखून ठेवलेले कोंबडे कापले गेले. एक देवमोगरा मातेच्या नावानं, मग एक पाहुण्यासाठी, मग पाहुणा नव्हता तरी एक. शेताच्या बांधावरून तीन पावसाळे अबोला धरलेले दोघे भाऊ गळ्यात पडून रडले. आमशानं कामावर जाणं सोडलं आणि तो नवलसिंगाच्या दारात मोहाची दारू प्यायला बसला.

रेवाबाई एकटीच पेंढ्या आपटत राहिली. बुधवारनंतर गुरुवार येईल आणि गुरुवारी लेकरं खायला मागतील, हे तिला ठाऊक होतं. जाणारे-येणारे तिच्याकडे वेड्या माणसाकडे पाहावं तसं पाहत. कुणी म्हणे, "बस की जरा. आता कशाला जीव काढतेस?" बसावंसं तिलाही फार वाटे.

एका दुपारी पाड्यातली म्हातारी रूपीबाई काठी टेकत खळ्यावर आली.

"पोरी, फार दुखेल का गं?"

"काय, आजी?"

"ते शेपूट लागल्यावर."

रेवाबाईनं पुन्हा सगळं समजावून सांगण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं म्हातारीला सावलीत बसवलं, पेजेची वाटी हातात दिली.

"मी तर जगले पुष्कळ," रूपीबाई म्हणाली. "पण माझा लेक खात्या सुरतेला गिरणीत आहे. दोन होळ्या झाल्या, आला नाही. सुरतेला जाणाऱ्या एका माणसाजवळ निरोप दिलाय, बुधवारच्या आत तोंड दाखव म्हणून. येईल का?"

"येईल," रेवाबाई म्हणाली. ते काही कुडावर लिहिलेलं नव्हतं.

बुधवार आला तसा गेला. गुरुवारी सकाळी पाडा उशिरापर्यंत निजून राहिला, कारण बांग द्यायला कोंबडाच उरला नव्हता. उन्हं वर आली तरी कुणी अंथरुणातून हलेना. कोंबडा आरवला नाही, म्हणजे आपण मेलोच, असं नवलसिंग बायकोला सांगत होता. शेवटी गुरं दावणीला हंबरायला लागली, तेव्हा लोक डोळे चोळत बाहेर आले. आपण मेल्यावरही गाई दूध काढायला लावतील, हे कुणाला पटेना.

मग राग आला आणि तो कुणावर तरी काढायला हवा होता.

"रेवा, तुझ्या कुडानं गावचे कोंबडे खाल्ले!" नवलसिंग दारात उभा राहून ओरडला.

रेवाबाई उठली. तिनं शेण आणि माती कालवली आणि खालपासून वरपर्यंत सगळा कूड लिंपून काढला. संप गेला, धूमकेतू गेला, उलटी लागलेली पानंही गेली. आमशा ओशाळून तिच्यासाठी पाणी आणत राहिला. लिंपून झाल्यावर ती तिथेच भिंतीला डोकं टेकून बसणार होती, पण पेंढ्या अजून उरल्या होत्या.

ती खळ्यावर गेली. थोड्या वेळानं स्टेशनाकडच्या वाटेनं एक माणूस धापा टाकत आला. रूपीबाईचा खात्या. निरोप चार तोंडांतून फिरून त्याच्यापर्यंत पोचला होता आणि वाटेत त्याचा "आई अखेरच्या घटका मोजतेय" असा झाला होता. आई दारात बसून शेंगा सोलताना पाहून तो आधी चिडला, मग तिच्या पायांशी बसून राहिला.

दिवस कलला तेव्हा तो खळ्यावर आला. आईला पेज कुणी पाजली, ते त्याला कळलं असावं. त्यानं सदरा काढला, एक पेंढी उचलली आणि फळीवर आपटायला सुरुवात केली.

"तू दमून आलायस. राहू दे," रेवाबाई म्हणाली.

"तुम्ही बसा," तो म्हणाला.

ती बसली. तिचे हात मांडीवर पडले होते आणि समोर भाताचा ढीग हळूहळू वाढत होता.