पलीकडच्या चिखलातल्या तिसऱ्या

कोणी आकडा समोर ठेवला की आमच्या मॅडम चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "मोजणारा उभा कुठे होता?" बाजारात मासळीवाली म्हणाली, आज सुरमई कमी आली, तरी हाच प्रश्न. आम्ही गालात हसायचो. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. पण हा प्रश्न मॅडमना कुठे मिळाला, ते मी पाहिलं आहे.

मालवणच्या एका कचेरीत त्या शिंपल्यांच्या तज्ज्ञ होत्या. मी त्यांचे अहवाल टाइप करायचो. पन्नाशीला इथे बदली होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी तारकर्लीजवळच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, मोजल्या आणि लिहिलं, बायका फार वेचतात म्हणून तिसऱ्या संपत चालल्या आहेत. वेचणी बंद झाली. काठावर फलक लागला. मुलं शाळेच्या निबंधात तेच लिहू लागली. शेवटी वेचणाऱ्या बायकाच म्हणू लागल्या, "आमच्याच हातान खाडी रिती झाली."

सहा वर्षांनी त्यांच्यातली एक म्हातारी बादली घेऊन कचेरीत आली. बादलीत काठोकाठ तिसऱ्या, बंदी मोडून वेचलेल्या. मी उठलो, तर मॅडमनी मला हातानंच बसवलं.

"पलीकडच्या चिखलातल्यो," म्हातारी म्हणाली. "बाय, तुमी खंय उभ्या रवान मोजलास?"

मॅडमनी जुनी वही काढली. मोजणीच्या सगळ्या जागा अलीकडच्या, कडक वाळूच्या काठावर होत्या. पलीकडे मांडीभर चिखल. अहवालात मात्र 'जागा कोणताही कल न ठेवता निवडल्या' असं होतं. ते वाक्य मीच टाइप केलं होतं.

"चिखलाचं एक सोडा," त्या हळू म्हणाल्या. "बायका खाडी ओरबाडतात, हे मी मनात ठरवूनच आले होते. आकडे तसेच आले, म्हणून थांबले."

साहेबांनी त्यांना आत बोलावलं. दार उघडंच होतं. "नवी मोजणी करा. जुन्याबद्दल बोलू नका. तुमची बढती तोंडावर आलीय."

"जुनं चुकलं म्हटल्याशिवाय नवं कोण मानेल, सर?"

आठ दिवस त्या ओहोटीला चिखलात उतरत होत्या. म्हातारी पुढे, या मागे. मग ग्रामसभेत उभ्या राहिल्या. "तुम्ही खाडी रिकामी केली नव्हती. माझा अहवाल चुकला."

कोणी टाळी वाजवली नाही. मागून एका बाईनं शांतपणे विचारलं, "मगे आमच्या सहा वर्सांचा काय?"

मॅडमनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. पण खाली बसल्या नाहीत.

पलीकडचा काठ वेचणीला उघडला, बढती गेली. निबंधांत मात्र अजून तेच येतं.

निवृत्त झाल्यावर त्या गोव्याला बहिणीकडे निघाल्या. मी स्टँडवर पोचवायला गेलो होतो. गाडी लागल्यावर म्हातारी आली. तिनं खिडकीतून फडक्यात बांधलेला डबा आत दिला.

"सुका आसा तिसऱ्यांचा. गरम आसा, सांभाळा."

"गाडी सुटेपर्यंत थांबा ना."

"ओहोटी लागली. जातंय."

आणि ती गेली. मॅडम डबा मांडीवर घेऊन बसल्या. चटका बसत असणार, पण त्यांनी तो बाजूच्या रिकाम्या सीटवर ठेवला नाही.