सुईच्या आधी विचारायचं

साहेबांनी माझ्या टोपलीतल्या भाकरी कचऱ्याच्या डब्यात ओतल्या. गरम होत्या. वाफ निघत होती.

लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर मी कामाला होते. हिरवळीवर पाहुण्यांना दिसेल अशी चूल मांडलेली. तिथं बसून भाकरी थापायची. नऊवारी नेसून, कपाळाला टिकली लावून. नाव कुणाला सांगायचं नाही, हे मॅनेजर साहेबांनी कामावर घेतानाच बजावलेलं. मी कामशेतची मुसलमान. त्यांना गावाकडची बाई पाहिजे होती, नाव नको होतं. पोटासाठी तेही चालवून घेतलं.

कोरोनाची दुसरी लाट ओसरली होती. मुंबईची माणसं परत यायला लागली होती. भाकरी घेता घेता एका बाईंनी साहेबांना विचारलं, हिनं लस घेतलीय का? साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, अजून नाही, शुक्रवारी सासूला घेऊन जाणार आहे. खोटं नव्हतं. सासूला दमा. एकटी जायला घाबरायची. दोघींनी बरोबर घ्यायची असं ठरलं होतं.

साहेबांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले,

"तुमच्या लोकांचं माहितीये मला. दोरीनं बांधून टोचायला हवं."

पाहुणे हसले. सगळे नाही. पण कुणी त्यांना अडवलंही नाही. त्या बाईंचा स्वतःचा मास्क हनुवटीखाली होता. त्यांना कुणी विचारलं नाही, तुम्ही घेतली का.

मग भाकरी फेकल्या. कामगारांना लस द्यायला त्या दिवशी गाडी बोलावलेली होती, ती पार्किंगमध्ये उभी होती. साहेबांनी माझं पीठ लागलेलं मनगट धरलं आणि तिकडं ओढायला लागले.

"हात सोडा," मी म्हटलं. "न्हाई घेणार."

काम गेलं. नऊवारी त्यांची होती, ती काढून दिली आणि घरी आले.

सुईला मी घाबरत नव्हते. पण त्या दिवसानंतर लस हा शब्द ऐकला की मनगटावर ती बोटं जाणवायची. शुक्रवार आला, गेला. लसीसाठी घरोघर फिरणाऱ्या आशाताई दारात आल्या, मी आतूनच नाही म्हणून सांगितलं. सासू म्हणाली, तू न्हाई तर मी पण न्हाई. तिची छाती घरघरायची. मला ऐकू यायचं. तरी मी हटले नाही. वाटायचं, घेतली की साहेब जिंकले.

माझी गोष्ट बाजारात पसरली होती. एक दिवस वस्तीतला एक जण घरी आला. मोबाईलवर लसीविरुद्ध व्हिडिओ टाकायचा. लय मानानं बोलला. ताई, तुमी वाघीण. सुईनं पोरं होत न्हाईत, असं कॅमेऱ्यापुढं सांगा म्हणाला. मी म्हटलं, हे मला माहीत नाही, कसं सांगू? तो हसला.

"माहीत कशाला पाहिजे? तुमी फक्त रडा थोडं."

लस घेशील का, असं साहेबांनी मला विचारलं नव्हतं. हाही विचारत नव्हता. एकाला माझं हो पाहिजे होतं, दुसऱ्याला माझं नाही. आणि मी इतके दिवस साहेबांना उत्तर देत बसले होते. सासूच्या छातीवर बसून. माझं स्वतःचं उत्तर काय, ते कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्याला उठवून लावलं.

मग सासूला घेऊन जवळच्या कान्हे गावातल्या सरकारी दवाखान्यात गेले. सिस्टरला आधीच सांगितलं, मला विचारायचं आहे, मगच ठरवीन. ती कातावली नाही. दम्याच्या माणसाला चालते का, पाळीवर काय होतं, ताप किती येतो, सगळं विचारलं. माहीत होतं ते तिनं सांगितलं. एका गोष्टीला म्हणाली, हे डॉक्टरांना विचारते, आणि विचारून आली. मग मी बाही वर केली. माझ्यानंतर सासूनं.

साहेबांना कळलं. माणसं मिळत नव्हती, म्हणून बोलावणं आलं. गेले. ते म्हणाले, घेतलीस ना शेवटी, मग एवढं नाटक कशाला केलंस? उद्यापासून ये.

"सुई मी घेतली. तुमी दिली न्हाई," मी म्हटलं. "पाहुण्यांसमोर बोललात, पाहुण्यांसमोर माफी मागा. मग येते."

ते मोबाईलमध्ये बघायला लागले. मी निघाले.

आता हायवेवरच्या एका खानावळीत भाकरी करते. पगार कमी आहे. माझ्याच कपड्यात बसते. पहिल्याच दिवशी मालकाला नाव सांगितलं, पुरं नाव. आणि म्हटलं, काय पाहिजे ते मला विचारायचं. पटलं तर हो म्हणीन, नाही पटलं तर नाही. माझ्या लोकांचा उद्धार केलात, तर त्याच घडीला तवा उतरवून निघून जाईन. कुणी जेवायचं राहिलं असेल तरी.