ओव्हनला दुखवटा नसतो

वहिनीला मी दवाखान्यात शेवटची भेटले तेव्हा नवरात्र सुरू होतं. तिला बोलायचा त्रास व्हायचा, दोन शब्द झाले की डोळे मिटून पडायची. मी आपली तिचे पाय चोळत बसलेली. एकाएकी म्हणाली, "मंदा, या दिवाळीत आपल्या घरी कढई चढणार नाही न..." मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा असा संताप आला की विचारू नका. मी म्हटलं, "काहीच्या बाही बोलू नको, वहिनी. तूच घरी येऊन चकल्या तळशील." ती हसली, जेवढं हसता येत होतं तेवढं. "ओव्हन काढजो. नानखटाई करजो. नाहीतर तुहा दादा काहीच खाणार नाही." मी परत तिचे पाय चोळायला लागले. हो म्हणणं म्हणजे ती जाणार हे कबूल करणं होतं, आणि ते माझ्याच्यानं झालं नाही. दसरा उजाडायच्या आत ती गेली.

आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षभर तळणीची कढई चुलीवर चढत नाही. दिवाळीत चकली नाही, करंजी नाही, काही नाही. शेजारपाजारचे, नातेवाईक डबे आणून देतात तोच फराळ. हा नियम मला वहिनीपेक्षा आधी कळला, कारण तो आमच्या घरात शिरला माझ्यामुळे. माझा नवरा रायपूरजवळ बीरगांवला कारखान्यात होता. रायपूर तेव्हा नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. शहरात लाल दिव्याच्या गाड्या आणि बीरगांवच्या रस्त्यावर ट्रकच ट्रक. त्यातल्याच एकाखाली त्याची स्कूटर आली. मी लहानग्या लेकीला, नेहाला घेऊन शहरात बूढ़ापाऱ्यात दादाच्या घरी आले ती आलेच. त्या दिवाळीला आईनं जाहीर करून टाकलं, "जावई गेला. या घरात कढई चढणार नाही." कोणाची हरकत असणार? पण नेहा सकाळपासून शेजारच्यांच्या दारात, तिथे चकल्या निघत होत्या. घरी येऊन विचारते, "मम्मी, अपने यहाँ क्यों नहीं बन रहा?" मी भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसरं काय करणार होते मी...

वहिनीनं पिशवी उचलली आणि तडक सदर बाजार गाठला. परत आली ती अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन घेऊन, झाकणाला काच असलेला.

आई म्हणाली, "हे काय आणलं, शालू? दुखवट्याच्या घरात?"

"कढई नाही चढवायची न, आई? मग ही कढई थोडीच आहे! तळू नये म्हणतात, भाजू नये असं कोण म्हणते? ओव्हनला दुखवटा नसतो."

आईनं झाकण उचलून आत वाकून बघितलं आणि ओट्यावर जागा करून दिली. आमच्या आईला वाकवणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

गंमत म्हणजे वहिनीला ओव्हनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तूप-साखर तळहातानं फेसफेस फेसली, मैदा-बेसन मळलं, गोळ्यांवर चिरौंजीचा, म्हणजे चारोळीचा, एकेक दाणा दाबला, इथपर्यंत झकास. पण नानखटाई गरम असताना मऊच लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते, हे हिला कोण सांगणार? बोट लावून बघायची, "कच्चीच आहे बाई," म्हणायची, आणि परत आत. शेवटी निघाले ते दगड. नेहानं एक उचलून फरशीवर ठोकली, ठक् ठक्. आणि मला हसू फुटलं. नवरा गेल्यावरचं माझं पहिलं हसणं ते. लगेच इतकी शरम वाटली की पदर तोंडात कोंबला, तर वहिनी ओरडली, "हस न! कोण काय म्हणून राहिलं तुले?" दुसरा घाणा तिनं मऊ असतानाच काढला. पुढे दुखवटा फिटला, कढई चढली, चकल्या आल्या, पण नानखटाई राहिलीच. दर दिवाळीला पहिला मान तिचा. बाहेरचे विचारायचे, "तुमच्यात ही कशी काय?" वहिनी म्हणायची, "आमच्यात आहे अशीच."

आणि यंदा तिच्याच दुखवट्याची दिवाळी. लोकांनी डबे आणले, टेबलावर रचून ठेवले, एकाचंही झाकण निघालं नाही. वहिनी गेल्यापासून दादा ताटावर बसायचा आणि उठायचा. दोन घास, पाणी, संपलं. त्याच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती. मी रागावले, रडले, हात जोडले. देवा शपथ, मला वाटत होतं हाही चालला आता, आणि मी नुसती बघत बसणार आहे. शेवटी त्याची पोरगी पूर्वा म्हणाली, "आत्या, मम्मी ने आपको ओवन निकालने बोला था ना, मैं वहीं थी." मी तिच्यावरच खेकसले, "मले नको शिकवू." पण उठले.

तूप फेसताना रडत होते. खरं सांगू? नानखटाई बिघडावी असं वाटत होतं. करपावी, दगड व्हावी, म्हणजे म्हणता आलं असतं की बघा, वहिनीशिवाय होत नाही. मेली कशी झाली माहीत आहे? सुरेख. वरून तडकलेली, बदामी. वहिनीशिवाय जग असं निर्लज्जासारखं चालतं, याची इतकी चीड आली की ताट उचलून भिरकावावं. पूर्वानं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि बाहेर दादापुढे ठेवलं.

मी ओट्यापाशीच थांबले. दारातून दिसत होतं. त्यानं एक उचलली, मोडली, तोंडात टाकली. मग दुसरी. तिसरी घेतली तेव्हा मला हायसं वाटलं, वाटलं, वाचला माझा भाऊ. तो मागे रेलला, हातावरचा चुरा झटकला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, रोजच्या आवाजात म्हणाला, "शालू, चहा टाक न थोडा."

पूर्वाचा हात ताटावर तसाच राहिला. मी ओ द्यायला तोंड उघडलं, पण ती हाक माझी नव्हती. दादा जरा वेळ वाट बघत होता, मान इकडे वळवून...

मग त्यानं मान फिरवली. दुसरी हाक मारली नाही.