दोन पाळ्यांचा स्वयंपाक

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणारी एक बाई आहे. तिला तिथे सगळे तंद्रीबाई म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. मोठमोठ्या गरम रुळांमधून ओली चादर आत सरकते, पलीकडून कडक होऊन बाहेर येते, मधे नुसती वाफ. आणि त्या वाफेकडे बघत बाईसाहेब कुठल्या कुठे गेलेल्या असतात. जेवणाची सुट्टी झाली तरी हिला पत्ता नाही. कोणी खांद्यावर हात ठेवला की दचकून विचारणार, दाणे भिजत घातलेत ना? मग सगळ्याजणी पोट धरून हसायच्या. हसा बायांनो, हसा. तिच्या घरचा आठवडाभराचा स्वयंपाक त्या वाफेतच तर ठरायचा.

नवरा बाटल्यांच्या कारखान्यात होता. दिव्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि त्यांत कुठे बुडबुडा, कुठे तडा आहे ते हा बघायचा. रिकाम्या बाटल्या हो. लोकांच्या भुवया लगेच वर जातात म्हणून सांगितलं. त्याची पाळी दुपारनंतरची, हिची पहाटेपासूनची. ही घरी पोचायच्या आत तो निघालेला असायचा, आणि तो परतायचा तेव्हा ही गाढ झोपलेली. रविवार काय तो दोघांचा, आणि त्यातही तो बाजार करून आला की आडवा व्हायचा. शाळेत जाणारी त्यांची लेक मैत्रिणींना सांगायची, आमच्याकडे आईबाबा आळीपाळीने असतात.

अशा घरात माणसं जेवतात कशी? मासिकांमधली शहाणी मंडळी लिहितात, नोकरदारांसाठी चुटकीसरशी होणारे पदार्थ! त्यांच्याकडे भोपळा वेलीवरच सोलून निघत असावा. आमच्या तंद्रीबाईकडे निम्मा स्वयंपाक तो करायचा, निम्मा ही. पानगळ सुरू झाली, बाजारात भोपळ्यांचे आणि गाजरांचे ढीग लागले, की रविवारी ती एक दांडगा भोपळा फोडून स्वयंपाकघरातल्या भट्टीत भाजून ठेवायची. अर्ध्याचं सूप, अर्धा आठवड्यात लागेल तसा कशात ना कशात जायचा. घेवड्याचे दाणे एकदाच उकडायचे. आज भाताबरोबर, उद्या सुपात, उरलेच तर कुस्करून पावात. बाकी रोजचं कापणं-चिरणं सकाळी त्याच्याकडे. कापलेलं सगळं पातेल्यात घालून वर झाकण ठेवून तो कामावर जायचा. ही आली की खाली गॅस पेटवायची. चिठ्ठी नाही, निरोप नाही, कधी चुकलं नाही.

ते झाकण उचलणं हे तिचं दिवसातलं सगळ्यात मोठं सुख होतं. अंगावर अजून धुलाईघराची ऊब, खिडकीबाहेर सावकाश गळणारी पिवळी पानं, आणि पातेल्यात त्याच्या हातचे वेडेवाकडे तुकडे. बटाटे ओबडधोबड कापलेले असले की ती ओळखायची, आज स्वारीचं डोकं फिरलेलं होतं. गाजराच्या गोल गोल चकत्या दिसल्या की समजायचं, गडी खुशीत आहे. तुकड्यांकडे बघून ती त्याच्याशी बोलायची, आणि दुसऱ्या दिवशी वाफेत ते बोलणं पुढे चालू. वाफेतला नवरा मोठा बोलका होता. ती मनात म्हणायची, एकदा आमच्या पाळ्या जुळू देत. संध्याकाळच्या त्या पिवळ्या उजेडात आम्ही दोघं ओट्याशी उभे राहू आणि बोलणं काही संपायचं नाही.

आणि खरंच, त्या वर्षी पानगळ लागता लागता त्याला दिवसपाळी मिळाली.

पहिल्या संध्याकाळी दोघं बरोबरच घरात शिरले. त्याने गाजर घेतलं, सुरी घेतली. इतक्या वर्षांत तिने त्याला कापताना कधी पाहिलंच नव्हतं. दातांत जीभ धरलेली, कपाळावर आठ्या, आणि सुरी करवतीसारखी पुढेमागे. तिला हसू आवरेना. अरे, ते काय लाकूड आहे का, असं म्हणत ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. माया होती हो त्या हसण्यात, सगळी मायाच होती. तोही थोडा हसला. मग त्याने सुरी ठेवली, तूच कर म्हणाला आणि स्टुलावर जाऊन बसला. ती आपल्याच आनंदात होती, तिच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

पुढे रोज तेच व्हायला लागलं. दोघं एकाच वेळी भुकेले घरी येत आणि पातेलं रिकामं. ती घाईघाईने कापायची, परतायची. तो स्टुलावर बसून धुतलेल्या बश्या पुसायचा आणि पुसलेली प्रत्येक बशी दिव्यासमोर धरून बघायचा. ती काहीतरी विचारायची, तो हो किंवा नाही म्हणायचा. जेवायला उशीर व्हायचा, नाहीतर सरळ अंडी आणि पाव. भिजवलेले दाणे एकदा आंबून गेले तरी कोणाला आठवण नाही. एका संध्याकाळी लेक ताटातून मान वर न करताच म्हणाली, "तुम्ही दोघं घरी असलात ना, की घर रिकामं वाटतं." पोरीने वाईट हेतूने म्हटलं नव्हतं, पण तंद्रीबाईला ते रात्रभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने वाफेत पाहिलं, तर तिथलाही नवरा गप्प. मग मात्र ती खरी घाबरली. आपण इतकी वर्षं जीव लावला तो ह्या माणसाला, की वाफेतून आपणच घडवलेल्या दुसऱ्याच कोणाला? स्टुलावरचा हा माणूस आपल्याला खरंच ठाऊक आहे का? असले प्रश्न कोणाला विचारायचे? इस्त्रीवाल्या बायका तर हसल्याच असत्या.

रविवारी दुपारी भट्टीत भोपळा भाजत होता. घरभर त्याचा गोडसर वास आणि जमिनीवर उन्हाचा लांब पट्टा. लेक बाहेर गेली होती. नवरा बाजाराची पिशवी रिकामी करता करता म्हणाला की कारखान्यात दुपारच्या पाळीला माणूस हवाय, मुकादमाने त्याला विचारलंय, उद्या सांगायचं आहे.

"जाऊ का परत?" तो म्हणाला.

आता खोटं कशाला बोला, 'जा' हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता. गेला असता तर सगळं पूर्वीसारखं झालं असतं. पुन्हा ते झाकण, पुन्हा ते वाकडे तुकडे, पुन्हा वाफेतला तो बोलका माणूस. किती सोपं. पण तिच्या तोंडून निघालं ते दुसरंच; तिने विचारलं, तुला जावंसं का वाटतं?

तो बराच वेळ बटाटे एकाशेजारी एक मांडत राहिला. मग म्हणाला, "तेव्हा मी रोज तुझ्यासाठी काहीतरी ठेवून जायचो. आता नुसता बसलेला असतो."

"मग काप की. तुझा हात कोणी धरलाय?"

"तू हसलीस."

तिला सगळं एकदम आठवलं, ते हसणं आणि ती खाली ठेवलेली सुरी. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गंमत होती रे, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"माझी आई गेली, त्यानंतर कितीतरी दिवस तू सगळं बारीक चिरून ठेवायचास," ती म्हणाली. "इतकं बारीक, की चावायचेसुद्धा कष्ट पडू नयेत. मी झाकण उघडायचे आणि इथेच खाली बसून रडायचे. दुसऱ्या कोणाजवळ मी रडलेच नाही."

त्याने मान वर केली. हे त्याला ठाऊकच नव्हतं. "मला वाटायचं, तुझ्या लक्षातही आलं नसेल," तो म्हणाला. "तू कधी बोलली नाहीस."

"बोलले. रोज बोलले. तू नव्हतास."

भोपळ्याची साल भट्टीत चुरचुरत होती. दोघांपैकी कोणीही उठलं नाही.

"आता आहेस, तर जाऊ नकोस," ती म्हणाली. "भाजी काय, मीही कापेन. मला तू हवा आहेस."

त्याने शेवटचा बटाटा ओळीत ठेवला. मग उद्या नाही म्हणून सांगतो, इतकंच पुटपुटला आणि उठून त्याने गाजरं धुतली. सुरी घेतली, दातांत जीभ धरली, कपाळाला आठ्या घातल्या. ती शेजारी उभी राहून बघत होती, आणि ह्या वेळी त्याने तिला बघू दिलं.

"हसू येतंय?" वर न बघता त्याने विचारलं.

"येतंय."

"मग हस."