उसने हात

थोरलीच्या फोटोंतल्या ज्या हातांवर लोक जीव टाकत होते, ते हात तिचे नव्हतेच. ते धाकटीचे. कप धरलेला हात धाकटीचा, पुस्तकाचं पान उलटणारं बोट धाकटीचं, धुतलेल्या चादरीची घडी घालणारी मनगटंही धाकटीचीच. थोरली कॅमेऱ्यामागे उभी राहून नुसते हुकूम सोडायची, "करंगळी आत घे. आणखी. अगं, कप धरलायस, उंदीर नव्हे!"

दोघी बहिणी, आईबाप, खाली बापाचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आणि वर दोन खोल्या. मागच्या खोलीला एकच खिडकी, आणि हात लांब केला तर लागेल अशी समोर शेजाऱ्याची भिंत. ना वारा, ना आकाश, म्हणून आई त्या भिंतीला रोज एक तरी शिवी द्यायची. पण भिंत होती पांढरीशुभ्र. सकाळचं ऊन तिच्यावर आदळून खोलीत येईपर्यंत मऊ होऊन जायचं, आणि त्या उजेडात टवका उडालेल्या बशीलासुद्धा रूप यायचं. हे थोरलीनं हेरलं. मध्ये शेजाऱ्यानं भिंत पोपटी रंगवायला काढली, तर ही तडक शिडीखाली जाऊन उभी.

"काका, बाकीचं घर निळं करा, जांभळं करा, माझं काही म्हणणं नाही. एवढी एक भिंत पांढरी ठेवा."

"भिंत माझी आहे, पोरी."

"उजेड माझा आहे."

रंगारी हसून हसून शिडीवरून पडायचाच बाकी होता. भिंत पांढरी राहिली. बदल्यात शेजाऱ्याच्या अख्ख्या खानदानाचे फोटो हिला फुकटात काढून द्यावे लागले, त्यात त्याचा बोकाही आला.

दिवसभर ती बाजारातल्या फोटो स्टुडिओत कामाला असायची. पासपोर्टचे फोटो, लग्नांचे अल्बम, आणि उरलेला वेळ कॉम्प्युटरपुढे बसून लोकांच्या चेहऱ्यावरचं नको ते पुसायचं. नवरीची मुरमं, नवऱ्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सासूबाईंच्या नाकावरचा मस. "हिच्याइतकं साफ कुणी पुसत नाही," असं मालक कौतुकानं गिऱ्हाइकांना सांगायचा, तेव्हा थोरलीचे लांब बाह्यांतले हात आपसूक टेबलाखाली जायचे. शाळेत असताना बोटाच्या पेरावर पहिला पांढरा ठिपका उठला, मग शेजारी दुसरा, मग मनगटापर्यंत नकाशाच पसरला. कोड. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, कुणाला त्याची लागण व्हायची नव्हती. पण आईनं सापडतील ती मलमं चोळली, आणि मलमं हरल्यावर डोळ्यांचं औषध काढलं. घरात कुणी आलं की ती नुसते डोळे वटारायची, की हात बाह्यांत. पुढे पुढे तर वटारायचीही गरज उरली नाही.

या सगळ्यातून वेळ काढून ती खिडकीतल्या उजेडात घरातल्याच वस्तूंचे फोटो काढायची आणि मोबाइलवरून लोकांपुढे टाकायची. बाप म्हणाला, "कपबश्या बघत बसायला लोकांना बरा वेळ मिळतो!" मावशी तर म्हणाली, "अगं, चहा प्यायचा असतो, त्याचं लग्न कसलं लावतेस?" पण लोक बघत राहिले, वाढत राहिले. एका साबणवाल्यानं काम दिलं, मग एका वह्या बनवणाऱ्या बाईनं. आणि एके दिवशी चिनी मातीची भांडी करणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा फोन आला. वर्षभराचं काम. आधी नमुन्याचा एक फोटो पाठवायचा. तो पसंत पडला की करार.

"वाट्या पाठवतोय," कंपनीतल्या मॅडम म्हणाल्या. "आणि फोटोत ते हात हवेतच हं. आमच्या सगळ्यांना फार आवडतात तुमचे हात."

थोरली "हो" म्हणाली. करार झाला की स्टुडिओ सोडायचा, आयुष्यात पुन्हा कुणाचा मस पुसायचा नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आईनं तर करार झाल्यासारखं सगळ्या नातेवाइकांना कळवूनही टाकलं.

फोटोच्या दिवशी सकाळी वाट्या खिडकीत मांडल्या, उजेड जागेवर आला, आणि धाकटी पलंगावर मांडी ठोकून बसली ती बसलीच.

"ऊठ. नखं नीट घासलीस ना?"

"मी नाही येणार."

"उजेड चाललाय! चेष्टा नको."

"चेष्टा नाही. सोमवारपासून मी चष्म्याच्या दुकानात लागतेय. पण ते निमित्त आहे. आज मोकळी असूनही मी हात देणार नाही." धाकटीचा आवाज चढला. "लोक तुला विचारतात, हाताला काय लावता हो? आणि तू उत्तर देतेस, खोबरेल तेल! लाज नाही वाटत? मावसबहिणीच्या लग्नातले फोटो बघ तुझे. प्रत्येक फोटोत हात पाठीमागे. पोलिसांनी पकडून आणल्यासारखी उभी आहेस!"

"तुला काय जातंय बोलायला? तुझे हात चांगले आहेत."

"तुझे काय झिजलेत?"

आणि ती चपला घालून निघूनच गेली.

आईनं आधी धाकटीच्या नावानं बोटं मोडली, मग गल्लीतच राहणाऱ्या मावशीला हाक मारली. मावशी मेकअपची पिशवी घेऊन हजर झाली. दोघींनी मिळून थोरलीच्या हातांना असं काही लिंपलं की ते हात उन्हात वाळत घातलेल्या मातीच्या भांड्यांसारखे दिसायला लागले. "बघ, कुणाला कळणारसुद्धा नाही," मावशी म्हणाली. थोरलीनं वाटी उचलली. पांढऱ्या वाटीवर पाचही बोटं तपकिरी उमटली, चोरानं माग सोडल्यासारखी. पुसली, धरली, पुन्हा उमटली. तिसऱ्यांदा मावशीच म्हणाली, "कमी लावू या का थोडं?"

थोरली उठली. मोरीत गेली. साबण लावून दोन्ही हात खसाखसा धुतले, बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या, कॅमेरा स्टँडवर चढवून टायमर लावला.

"अगं, काय करतेस?" आई कळवळून म्हणाली.

"काम करतेय. उजेडातून बाजूला हो."

टायमर लावून पळत जायचं आणि वाटी धरायची. पहिल्या फोटोत नुसतं कोपर आलं, दुसऱ्यात वेणी. नंतरचे कितीतरी वाया गेले. मग एक आला. तिनं तो स्टुडिओतल्या नजरेनं पाहिला, म्हणजे दुसऱ्या कुणाचा असावा तसा. धाकटीचा सावळा हात पांढऱ्या भांड्यावर नेहमी कापून चिकटवल्यासारखा दिसायचा, त्यावर तिला खटपट करावी लागायची. इथं वाटीचा पांढरा आणि बोटांचा पांढरा शेजारी आले होते, आणि ते दोन वेगळे पांढरे होते. एक थंड, एक उबदार. त्यामुळे वाटीची गोलाई अशी भरून आली होती की हात घालावासा वाटावा. तिचा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो होता तो. तिनं तसाच्या तसा पाठवून दिला.

मॅडमचा फोन आला.

"फोटो सुंदर आहे. फक्त ते हातावरचं... एडिट करून मिळेल ना? तुमच्यासारखीला पाच मिनिटांचं काम."

"पाचही लागणार नाहीत. पण करणार नाही. हात माझे आहेत."

"आणि ते आधीचे?"

"बहिणीचे होते. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. आता सांगतेय."

तिकडून "कळवते" आलं आणि फोन बंद झाला. आईनं तोंडाला पदर लावला. बाप दुकानातून वर येऊन म्हणाला, "कुठं पाच मिनिटांसाठी अडून बसलीस?" धाकटीनं मात्र त्या दिवशी जेवताना आपल्या ताटातलं बहिणीच्या ताटात वाढलं.

दोन दिवसांनी मॅडमचाच फोन, आणि आता आवाजात साखर. साहेबांना फोटो भलताच आवडलाय. पैसे दुप्पट. भेटायला या, आईंनाही आणा. आईनं ठेवणीतले कपडे काढले. रस्ताभर ती लेकीला सांगत होती, "आता मधे काही बोलू नकोस. ते म्हणतील त्याला मान हलव."

आईला बाहेरच्या सोफ्यावर बसवून थोरलीला आत नेलं. काचेचं टेबल, समोर भिंतभर पडदा, आणि पडद्यावर तिचा हात. एवढा मोठा की पेरावरच्या सुरकुत्या मोजाव्यात. वर अक्षरं होती: 'डाग असूनही ती हसते'.

दाढीवाला साहेब उठून उभा राहिला. "तुमची कहाणी आम्हाला देशभर न्यायचीय. तुम्ही कॅमेऱ्यासमोर बोलाल. लहानपणीचे अपमान, एकटेपण, सगळं. मग तुमच्या आई येतील. मुलीला असं झाल्यावर आईला काय वाटलं, ते त्यांच्या तोंडून. रडू आलं तर येऊ द्यायचं. लोकांना खरं आवडतं."

थोरली पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वाटी कुठाय?"

"अं?"

"मी वाटीचा फोटो पाठवला होता. तुम्ही वाटी कापली."

साहेब हसला. "वाटी काय, शेवटी येईलच कोपऱ्यात. इथं महत्त्वाचं तुमचं धैर्य आहे."

"धैर्य कसलं? मी वाटी धरलीय, वाघ नाही धरला."

मॅडमना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात ढकललं.

"मी फोटो काढते," थोरली म्हणाली. "तुम्ही वाट्या विकता. हात धरायला आहेत. तो फोटो आहे तसा लावा, खाली वाटीचं नाव घाला, मी वर्षभर काम करीन, ठरलेल्या पैशात. माझ्या हाताबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. झाकायचं नाही आणि मिरवायचंही नाही."

"हे बघा, अशी संधी पुन्हा येत नाही. बाहेर रांग लागलीय."

"मग त्यांना आत बोलवा. मी खुर्ची मोकळी करते."

थोरली बाहेर येताच आई सोफ्यावरून धडपडत उठली. "झालं? सही केलीस?"

"नाही."

आई फाटकापर्यंत तरातरा पुढे चालत गेली. मग सुरू झाली, "दुप्पट म्हणाले होते ना गं? नातेवाइकांना आता काय तोंड दाखवू? नुसती मान हलवायला काय झालं होतं तुला?" चालता चालता तिनं विचारलं, "आणि मला कशाला बोलावलं होतं त्या मेल्यांनी?"

"लेकीला कोड आल्यावर आईला काय वाटलं, ते रडून सांगायला."

आई रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून रिक्षावाला भोंगा वाजवत होता, तरी हलली नाही. "मला काय वाटलं ते मी माझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही," ती म्हणाली, "आणि ह्या दाढीवाल्याला सांगू?" मग तिनं मागं वळून रिक्षावाल्याला असा दम भरला की त्याचा भोंगाच बंद झाला.

थोरलीनं स्वतःच्या हातांचे फोटो टाकायला सुरुवात केली. घरातली स्टीलची वाटी, विळी, बापाच्या दुकानातलं पकड-पेचकस. खाली फक्त वस्तूचं नाव. कितीतरी लोक सोडून गेले. खोबरेल तेलावरून काहींनी यथेच्छ शिव्या घातल्या, त्या तिनं मुकाट घेतल्या, त्या तिच्याच होत्या. कुणी हाताला जडीबुटी सुचवली, त्यांना उत्तर दिलं नाही. एकीनं लिहिलं, 'पूर्वीचे हात परत आणा ना.' तिला मात्र लिहिलं, 'ते हात नोकरीला लागलेत.'

स्टुडिओ सुटला नाही. अजून सकाळी खिडकी आणि मग दिवसभर मुरमं, असंच चाललंय. कंपनीनं वर्षाचं काम दुसऱ्या एकीला दिलं. तिचे फोटो चांगले असतात, हे थोरली स्वतःहून सांगते, जरा दात खाऊनच.

गेल्या आठवड्यात बाजारातला कात्र्यावाला जिना चढून वर आला. शिंप्यांसाठी कात्र्या घडवणारा जाडजूड माणूस, तोंडात विडी, हातात कापडात गुंडाळलेली कात्री. मुलानं सांगितलं म्हणे, आता मोबाइलवर फोटो टाकल्याशिवाय माल खपत नाही.

"आधीच सांगते," थोरलीनं दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. "फोटोत हात येतील ते हेच. दुसरे मिळणार नाहीत."

त्यानं हातांकडे पाहिलं. मग कापड सोडून कात्री तिच्या हातात दिली, आणि ती कशी धरते तिकडे पाहिलं.

"अंगठा जरा मागं घ्या, पात्याला लागेल," तो म्हणाला. "हात कसले का असेनात बाई, माझ्या कात्रीची धार दिसली पाहिजे."

"दिसेल," थोरली म्हणाली, आणि अंगठा मागं घेतला.