ओ पावणं, हात लावा की!

ख्रिश्चन चाळीतल्या तानाबाईचं एक कोडं साऱ्या गल्लीला पडलेलं होतं. पहाटे लक्ष्मीपुरीच्या मंडईतनं भाजी आणायची, दारात बसून पाटी भरायची आणि ताराबाई पार्कातल्या बंगल्यांतनं फिरून विकायची, हा तिचा धंदा. आता भरलेली पाटी काही एकट्या माणसाला आपली आपण डोक्यावर घेता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी वाकून पलीकडची कड उचलावी लागते. त्याला म्हणायचं 'हात लावणं'. हात लावला, पाटी डोक्यावर गेली, की विषय संपला. त्याचे कुणी आभार मानत नाही.

पण तानाबाई काय करायची? शेजारची खैरुनबी उंबऱ्यावर तांदूळ निवडत असायची, समोर शमुवेलआण्णा काठी मांडीवर घेऊन ऊन खात असायचे आणि ही बाई त्या दोघांना सोडून रस्त्याकडे बघत उभी राहायची. एखादा अनोळखी सायकलवाला दिसला की हाक, “ओ पावणं, जरा हात लावा की!”

खैरुनबी चिडायची. “तानाक्का, आमच्या हाताला काय काटं फुटल्यात व्हय गं?”

“तू आपलं तांदूळ निवड. खडं ऱ्हातील.”

बरं, बाई कंजूष म्हणावी तर तसंही नाही. फेरी संपवून आली की उरलेली मेथी, पोकळा, चाकवत दारोदार देत सुटायची. शमुवेलआण्णांच्या मांडीवर तर रोज एक जुडी पडायचीच. आण्णा पूर्वी चर्चची घंटा वाजवायचे. मग जिन्यावरनं पडून एक पाय अधू झाला. बायको आधीच गेलेली. ते जुडी घ्यायचे, “सलाम, ताना,” म्हणायचे आणि गप बसायचे. पण तानाबाईच्या घरात कुणाचं काही शिरेल तर शपथ! ईदेला खैरुनबीकडनं वाटीभर शिरखुर्मा आला, की संध्याकाळच्या आत ती वाटी शेंगदाण्यांनी शिगोशीग भरून परत.

तर झालं काय, अठ्ठ्याण्णव साली दिवाळीनंतर मंडईत कोबीच्या पाल्यावरून तानाबाईचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. वारणानगरहून लेक आली, मार्था. जावई तिथं डेअरीत कामाला.

“आई, आता खोली सोड आणि कायमची तिकडं चल. रविवारी टेंपो घेऊन येते.”

“मला काय धाड भरलीय?”

“एका हातानं पाणी कशी भरशील? आणि कुणाचं तर तू घेत न्हाईस.” मार्थाही आईवरच गेलेली. “रविवारी आल्यावर दारातलं हे पिंप भरलेलं दिसलं, तर ऱ्हा. न्हाईतर टेंपोत बसायचं.”

ही खोली, ही गल्ली, वाट बघणाऱ्या बंगल्यांतल्या बायका, चर्चमधला खिडकीजवळचा बाक... सगळं एका पिंपावर येऊन थांबलं. दुसऱ्या दिवशी तानाबाईनं डाव्या हातानं कोपऱ्यावरच्या नळाचं पाणी तांब्यातांब्यानं आणून बघितलं. पिंपाचा तळ भिजला आणि नळ गेला.

आणि त्याच्या पुढच्या सकाळी प्रार्थना करून दार उघडते, तर पिंप काठोकाठ!

झालं. बाई मनगटाचं दुखणं विसरली. कोण असेल? आधी खैरुनबीला धरलं.

“खरं सांग, तूच न्हवं?”

“अल्ला कसम, मी न्हवं. मी भरलं असतं तर तू तेवढंच पाणी माझ्या दारात आणून वतलं असतंस!”

मग संशय थेट चर्चच्या पाळकसाहेबांवर गेला. ते भेटायला आले, तेव्हा तानाबाईनं त्यांच्या बाह्या ओल्या आहेत का ते निरखून बघितलं. “साहेब, पहाटे लवकर उठता का हो?”

पाळकसाहेब खजील झाले. “प्रयत्न करतो, तानाबाई.”

ते नव्हतेच! आता शोधायचं कुठं? पिंप तर रोज सकाळी भरलेलं असायचं. शुक्रवारी सकाळी मात्र तिला एक गंमत दिसली. नळापासून दारापर्यंत पाणी सांडलेलं होतं, पण सगळं एकाच अंगाला. एक पाऊल कोरडं, दुसऱ्याला हबका. पुन्हा कोरडं, पुन्हा हबका. असं झोला खात कोण चालतं? तिला एकच माणूस आठवला आणि मग आठवलं ते पटेना.

शनिवारी तिनं नेहमीसारखी प्रार्थना सुरू केली. तानाबाईची प्रार्थना म्हणजे लांबलचक. गल्लीतला एकेक आजारी, एकेक बाळंतीण नावानिशी यायची. तेवढ्यात कुणीही चार खेपा करून जावं. पण त्या दिवशी तिनं दार किलकिलं ठेवलं होतं आणि, देवा क्षमा कर, एक डोळा उघडा ठेवला होता. तोंडानं म्हणतेय, “शमुवेलआण्णांच्या पायाला बरं वाटू दे,” आणि डोळ्यासमोरनं शमुवेलआण्णा एका हातात काठी, दुसऱ्या हातात बादली घेऊन झोला खात चाललेत!

“आमेन,” म्हणून ती बाहेरच आली. “आण्णा! तुमचा पाय असा, आन् माझं पाणी भरताय?”

आण्णांनी बादली खाली ठेवली. “आमेन आज लौकर झालं गं.”

“हे मला चालायचं न्हाय.”

“का?”

“मी कुणाचं घेत न्हाई.” मग कधी कुणाला न सांगितलेलं ती बोलून गेली. “मालक गेलं तवा जावेनं पोतंभर जोंधळं दिलं. पुढं दर लग्नात, दर जेवणावळीत तिनं सांगितलं, मार्था आमच्या जोंधळ्यावर वाढली म्हणून. वळखीच्या माणसाचं घेतलं की ते त्येच्या डोळ्यात ऱ्हातंय, आण्णा. पावणा आपला हात लावून निघून तर जातोय.”

आण्णा काठीवर रेलले. “मग एवढी वर्सं मी तुझी मेथी खाल्ली. ती तुझ्या डोळ्यात हाय व्हय?”

“न्हाय वो! भलतंच काय?”

“मग तुझं पाणी माझ्या डोळ्यात कसं ऱ्हाईल?”

तानाबाई बादली उचलायला वाकली, तसा आण्णांनी तिचा हात बाजूला सारला.

“ताना, खरं सांगू? तुझी मेथी मला हल्ली गिळवत नव्हती. नुसतं घिऊन घिऊन माणूस भिकारी हुतोय. प्रभू शिष्यांचं पाय धुवायला बसला, तवा पेत्रानंबी पाय मागं घेतलं हुतं. म्हणून प्रभू काय घंगाळ उचलून घरी गेला? आता सरक बाजूला, अजून दोन खेपा हाईत. नळ जाईल.”

तानाबाई सरकली. अवघड गेलं, पण सरकली.

रविवारी मार्थानं उतरल्या उतरल्या झाकण काढून बघितलं. “आई, हे कुणी भरलं?”

मी भरलं, म्हणायला जीभ वळवळली. पण समोर आण्णा बसले होते. “शमुवेलआण्णांनी.”

“आन् तू भरू दिलंस?”

“दिलं.”

मार्थानं पिंपावर झाकण परत ठेवलं. तिनं टेंपोवाल्याला चहा पाजला आणि टेंपो मोकळाच वारणानगरला गेला.

पुढं प्लास्टर निघालं, हातात जोर आला, पाटी परत भरली. रस्त्यानं एक अनोळखी सायकलवाला आला आणि भरलेली पाटी बघून थांबला.

“जावा तुम्ही पावणं,” तानाबाई म्हणाली. मग घसा खाकरून, “आण्णा! खैरुन! हात लावा की.”

दोघं दोन बाजूंनी आले. आण्णांच्या अंगाला पाटी कलली, दोन जुड्या रस्त्यावर पडल्या. खैरुनबीनं त्या उचलून वर खोचल्या.

“आता ह्येच्या बदल्यात संध्याकाळी काय आणून देणार, तानाक्का?”

“काय न्हाय,” तानाबाई म्हणाली आणि पाटी सावरत ताराबाई पार्काच्या वाटेला लागली.