काचेच्या कपाटातल्या आक्का

ताडकळसची एसटी परभणीच्या स्थानकात शिरली आणि खिडकीतून आधी एक पिशवी बाहेर आली, मग दुसरी, मग आक्कांचा आवाज. "शोभा, धर गं नीट, लाडू फुटतेल!"

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय साठीच्या पुढे, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, सहा एकर कोरडवाहू एकटीनं सांभाळणाऱ्या. आजवरचा त्यांचा सगळ्यांत लांबचा प्रवास हैदराबादपर्यंतचा, तोही लग्नाच्या वऱ्हाडात. आता निघाल्या होत्या थेट जर्मनीला. त्यांची एकुलती एक लेक रेखा हॅम्बुर्गला असते आणि तिचं पहिलंच बाळंतपण होतं. मी शाळेतून निवृत्त झालेली मराठीची बाई. मोडकंतोडकं इंग्रजी येतं म्हणून सोबतीला माझी नेमणूक झाली. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय!

पिशव्यांत डिंकाचे लाडू होते, धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट थापलेली भाकरी) होते आणि बाळाच्या डोक्याखाली ठेवायला मोहरी भरून शिवलेली इवलीशी उशी होती. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून आमच्याकडे अशी उशी करतात. मोहरीचीच आणखी एक थैली आक्कांच्या पोलक्यात होती आणि ती फक्त मला ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी कर्करोगाच्या गाठीमुळे त्यांचा डावा स्तन काढावा लागला. दवाखान्यात त्यांच्याजवळ मीच होते. गावात त्यांनी 'पिशवीचं ऑपरेशन' असं सांगितलं, कारण गर्भाशय काढायचं ते ऑपरेशन आमच्या भागात घरटी एखादीचं झालेलं असतं, पुढं कुणी काही विचारत नाही. रेखालाही तेच सांगितलं. आतून लावायला त्यांनी आधी कापसाची थैली शिवून पाहिली, पण कापूस हलका, वर सरकायचा. मोहरीनं वजन बरोबर आलं.

हैदराबादच्या गाडीत बसल्याबसल्या त्यांनी माझा हात धरला. "शोभा, रेखीला कळू द्यायचं न्हाई. माझी आन हाय तुला."

मी आण घेतली, पण ती मला मुळीच पटली नव्हती. आईला हा रोग झाला तर लेकीनंही वेळेवर तपासून घ्यावं, असं डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा बजावलं होतं. मी ते काढलं की आक्का म्हणायच्या, "आता दिवस गेलेत तिला, आता नगं." मग म्हणू लागल्या, "बाळंतपण हू दे." त्या लांबवत गेल्या आणि मी भित्री, गप्प बसत गेले.

हैदराबादच्या विमानतळावर एका पोलीसबाईनं त्यांना पडद्याआड नेऊन हातातली दांडी अंगावरून फिरवली. पोलक्याच्या पिनांवर ती पीं पीं वाजली, मोहरीवर काही बोलली नाही. तरी आक्का बाहेर आल्या त्या लालबुंद होऊन. "झडती घेतली माझी. चोरावानी."

"झडती नाही आक्का, तपासणी. सगळ्यांचीच करतात."

"नाव बदल्लं म्हून काय व्हतंय?"

आमच्याकडे झडती म्हणजे पोलिसांनी घरात शिरून उतरंडी उलथ्या करणं. चोरी सापडो न सापडो, त्या घराचं नाव गावात पुढं कित्येक वर्षं निघतं.

विमानात मात्र त्यांची कळी खुलली. खिडकीपाशी बसून खालचे ढग बघत म्हणाल्या, "कुनाचा एवढा कापूस वेचायचा राहिलाय गं?" जेवणाचा ट्रे त्यांनी बोटानं दूर सारला आणि धपाट्यांचं फडकं सोडलं. शेजारी एक गोरे आजोबा होते. त्यांनाही एक दिला. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण त्यांनी तुकडासुद्धा टाकला नाही. उतरताना हात जोडून गेले.

फ्रँकफुर्टला आम्हाला विमान बदलायचं होतं आणि त्यासाठी पुन्हा तपासणी. इथं दांडी नव्हती. माणूस उभं राहील एवढं काचेचं कपाट होतं. त्यात जायचं, जमिनीवरच्या खुणांवर पाय ठेवायचे, हात वर करायचे. मी आधी पार झाले आणि पलीकडून आक्कांना खुणावलं, हात वर! आक्कांनी चपला कपाटाबाहेर काढल्या, वाकून उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि डोक्यावर हात जोडून डोळे मिटून उभ्या राहिल्या. रांगेतले लोक हसले. मलाही हसू आलं.

मग बाजूच्या पडद्यावर माणसाची साधी रेघारेघांची आकृती उमटली आणि तिच्या छातीवर डाव्या बाजूला एक पिवळा चौकोन आला.

माझं हसू जागीच विरलं. तिथली बाई उंच, केस आखूड कापलेली. तिनं आक्कांना बाजूला घेतलं, इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि त्या चौकोनाच्या जागी हात लावायला गेली. आक्कांनी तिचं मनगटच धरलं. शेतातल्या बाईची पकड ती! पलीकडून दुसरा शिपाई दोन ढांगांत आला. आक्कांनी मनगट सोडलं आणि सरळ खाली फरशीवर बसल्या.

"मला न्हाई जायचं, शोभा. मला माघारी ने. रेखीला सांग, माय आजारी पडली."

पुढचं विमान तासाभरात सुटणार होतं. रेखाचे दिवस भरत आले होते. मी घाबरून त्या बाईला सांगू लागले, "मस्टर्ड! ओन्ली मस्टर्ड!"

"मस्टर्ड?" तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सॉस?"

तिकडे मस्टर्ड म्हटलं की नळीतली पिवळी चटणी, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. पातळ पदार्थ नेण्याची तर तिथं बंदी! म्हणजे ही म्हातारी पोलक्यात चटणी लपवून चाललीय, असं मीच तिच्या गळी उतरवलं होतं. मी घाईघाईनं बाळाची उशी काढली, कानाशी खुळखुळवली, दोन्ही हातांनी बाळ जोजवून दाखवलं. त्यावर तिचा गोंधळ आणखीच वाढला. शेवटी तिनं आम्हा दोघींना बाजूच्या लहान खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

मी इंग्रजी शब्द जुळवू लागले. पण आक्काच उठून तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि तिच्या डोळ्यांत बघत मोठ्यानं म्हणाल्या, "बाई, हितलं कापून काढलंय. रोग झाल्ता. ही मव्हरी हाय." मग पोलक्यात हात घालून त्यांनी थैली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. पदर तसाच खाली राहिला.

दोन वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. माझ्यापाशीसुद्धा त्या 'ते' म्हणायच्या. 'ते झालं तवा', 'ते काढलं तवा'.

त्या बाईला भाषांतर लागलं नाही. तिनं थैली दोन बोटांत चोळून दाणे चाचपले, तिच्यावरून कागदाची एक पट्टी फिरवून स्फोटकं ओळखणाऱ्या यंत्रात घातली, हिरवा दिवा लागल्याचं आम्हाला दाखवलं. दोन्ही हातांनी थैली परत दिली आणि आक्कांचं आवरून होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. माझे डोळे भरून आले. आक्कांचे कोरडे होते.

पुढच्या विमानात त्या ढगांकडे बघेनात. मांडीवरच्या पिशवीकडे बघत म्हणाल्या, "त्या परक्या बाईला सांगितलं मी. नाव बी ठाव न्हाई तिचं. अन पोटच्या पोरीला फसवायलेय. कशी माय म्हनायची मी?" मी त्यांचा हात धरला.

हॅम्बुर्गला रोज बारीक पाऊस, गल्लीच्या टोकाला कालवा आणि काठीनं फोडावा लागेल असा काळा पाव. पोहोचल्यावर सहाव्या दिवशी रेखाला मुलगी झाली. आक्का बाळाला न्हाऊ घालायच्या, रेखाला लाडू भरवायच्या, खिडकीशी बसून ओव्या म्हणायच्या. पण सांगायचं काही जमत नव्हतं. एके सकाळी रेखानंच विचारलं, "माय, तू हिला उजव्या बाजूलाच कामून धरतीस? डावीकडं घेतच न्हाईस."

आक्कांनी नातीला माझ्याकडे दिलं आणि लेकीला सगळं सांगितलं.

रेखा रडली नाही, चिडली. "रोज फोनवर विचारायचे मी, कशी हायस. अन तू म्हनायचीस, बरी हाय!" मग माझ्याकडे वळली. "मामी, तुमी बी?" ते माझ्या काळजात रुतलं. आण होती, हे कारण तिच्यापुढं उच्चारायचीही मला लाज वाटली. दोन दिवस ती आमच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी तिनं आपल्या डॉक्टरांना फोन लावून तपासणीची तारीख घेतली आणि त्या दिवशी आईला सोबत घेऊन गेली. आत्तापुरतं काही नाही, पण दर वर्षी दाखवायचं, असं सांगितलं त्यांनी. परतताना दोघी छत्रीखाली एकमेकींना बिलगून येताना मला खिडकीतून दिसल्या.

गावी परत येताना हॅम्बुर्गच्या विमानतळावर काचेच्या कपाटात शिरण्याआधीच आक्कांनी तिथल्या बाईला थांबवलं, डाव्या छातीवर हात ठेवला आणि बोटांची कात्री करून दाखवली. आमचं काम पाच मिनिटांत झालं.

ताडकळसला त्यांच्या ओसरीवर दुपारी बायका जमल्या. नातीचे फोटो पाहून झाले, विमानाचं झालं, मग आक्कांनी कपाटाची गोष्ट सुरू केली. हात जोडल्याचं ऐकून बायका लोळून हसल्या. "तवा म्या म्हन्लं, बाई, हितलं कापून काढलंय, रोग झाल्ता," असं आक्का त्याच आवाजात बोलून गेल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. दुसरी म्हणाली, "पिशवीचं म्हन्ला व्हता की तुमी."

"खोटं बोल्ले," आक्का म्हणाल्या आणि गोष्ट पुढं चालू केली.

मी खांबाला टेकून ऐकत होते. मनात आलं, त्या यंत्रानं फ्रँकफुर्टला काय पाहिलं? एक पिवळा चौकोन, बस्स. त्यात काय आहे ते आक्कांना स्वतः बोलावं लागलं, आणि बोलायला आम्हाला एवढं लांब जावं लागलं. ताडकळसला आपलं माणूस समोर असताना आम्ही दोघी दोन वर्षं गप्प होतो, याचं मला त्या दुपारी फार वाईट वाटलं.

बायका उठून गेल्या. मी चहा टाकायला उठले. शेजारची गंगू तेवढी मागं राहिली. सतरंजीची घडी एकदा घातली, मोडली, पुन्हा घातली. मग खाली बघत म्हणाली, "आक्का, दुखत न्हाई. पर हाय. बोराएवढी."

"कवापसून?"

"सक्रांतीपसून."

आक्का उठल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शोभा, परभणीची गाडी कवा हाय?"

"अर्ध्या तासानं."

"मग च्या राहू दे," म्हणत त्या लुगडं बदलायला आत गेल्या.